श्रवणाचा अधिकार

बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते आणि ‘कुर्रऽऽ’ म्हणत नाव सांगते. मागून तिच्या पाठीत धपाटे पडत असतात, बायकांचं हसणं-खिदळणं चालू असतं. मुसलमान घरात त्याच्याही आधी, जन्मल्यावर थोड्याच वेळात, बाळाच्या उजव्या कानात अजान दिली जाते. पुढे मुंजीत गायत्री येते तीही कानातूनच, उपरण्याच्या आडोशाला, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या परंपरा एका बाबतीत एकमेकींशी सहमत दिसतात: माणसाला धर्मात घ्यायचं दार कानात आहे.

हल्ली त्याच कानात, बऱ्याचदा बारशाच्याही आधी, आणखी एक वस्तू जाते. मऊ रबरी टोकाची एक बारीक नळी. ती कानात हलके टिकटिक आवाज सोडते आणि मग उत्तराची वाट बघते. निरोगी कान नुसता ऐकत नाही, स्वतः अगदी क्षीण आवाजही करतो, हे लंडनमधल्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवून दिलं. त्यावर आधारलेली ही ओएई चाचणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. कानातून उत्तर आलं नाही तर कागदावर ‘रेफर’ लिहून येतं. याचा अर्थ बाळ बहिरं आहे असा नव्हे. कानात जन्माच्या वेळचा ओलावा राहिला असला तरी ‘रेफर’ येतं. म्हणून चाचणी पुन्हा करायची, आणि तरीही शंका उरली तर ‘बेरा’ करायची. तिच्यात डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाजाची लहर मेंदूपर्यंत पोचते का ते पाहतात. जगभर पाळला जाणारा दंडक सोपा आहे: महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू.

दर हजार जन्मांमागे एक ते तीन मुलांना जन्मतःच लक्षणीय श्रवणदोष असतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ही चाळणी होत नाही. मग दीड वर्ष जातं, दोन जातात. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असा घरातला दाखला निघतो. कुणी ताट वाजवून बघतं. मूल वळून पाहतं, कारण ताट वाजवणाऱ्याचा हात त्याला दिसलेला असतो किंवा जमिनीचा हादरा जाणवलेला असतो. ‘ऐकू येतंय की!’ म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. शेवटी जेव्हा निदान होतं, तेव्हा दवाखान्यातून घरी येईपर्यंतच पहिला प्रश्न तयार झालेला असतो. तो वैद्यकाचा नसतो. हे कुणाच्या वाट्याचं?

प्रश्न जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला बघून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायाला मात्र शंका नाही. आंधळे, बहिरे, मुके जन्माला येतात ते उरलेल्या पूर्वकर्मामुळे, असं तिथे म्हटलं आहे. वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांपुढे तर याच मुद्द्यावर एक खरीखुरी तात्त्विक अडचण उभी होती. त्यांच्या मते श्रोत्रेंद्रिय म्हणजे कानाच्या पोकळीतलं आकाश. आता आकाश नित्य आणि सर्वव्यापी. ते झिजत नाही, फुटत नाही. मग कुणी बहिरा होईलच कसा? त्यांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी ही अडचण ओळखली आणि उत्तर दिलं की आकाश असतंच, पण त्याला इंद्रिय म्हणून कामाला लावणारं जे साहाय्यक कारण, म्हणजे त्या जीवाचे धर्माधर्म (पाप-पुण्य), ते उणं पडलं की बाधिर्य येतं. तर्क म्हणून उत्तर चोख आहे. कान शाबूत, आकाश शाबूत. खोट फक्त हिशेबात.

ही खोट कुठे असते हे आज बरंच नेमकं सांगता येतं. जन्मजात बहिरेपणाच्या सुमारे निम्म्या मुलांत कारण जनुकीय असतं. त्यात सर्वाधिक आढळतो तो कनेक्सिन २६ या प्रथिनाच्या जनुकातला बदल. आई आणि वडील दोघांनाही स्वच्छ ऐकू येत असतं, पण दोघेही त्या बदलाची एकेक प्रत बाळगून असतात, आणि प्रत्येक गर्भारपणात दोन्ही प्रती मुलाकडे जाण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत महाराष्ट्राच्या अनेक समाजांत आहे. तिथे एकाच आजोबांकडून आलेल्या प्रती एकत्र भेटायला फारसा प्रवास करावा लागत नाही. इतर कारणं साधी आणि टाळता येण्याजोगी आहेत. गरोदरपणात आईला झालेला रुबेला हे त्यातलं एक. ऑस्ट्रेलियातले नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये बाळांच्या मोतीबिंदूवरून हा धागा पकडला आणि लवकरच बहिरेपणाही त्याच यादीत आला. नवजात बाळाची हाताबाहेर गेलेली कावीळ, अपुऱ्या दिवसांचा जन्म, मेंदूज्वर, जेंटामायसिनसारखी औषधं ही आणखी काही. मुलांमधला साठ टक्के श्रवणदोष टाळता येण्यासारखा आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रुबेलाची लस भारतात गोवरच्या लसीबरोबर २०१७ पासून मोठ्या प्रमाणावर दिली जाऊ लागली.

कर्मवादी याने गप्प बसणार नाही, आणि त्याने बसावं असंही नाही. तो म्हणेल की जनुक, विषाणू, कावीळ ही सगळी निमित्तकारणं आहेत. नेमक्या याच मुलाला का, हे त्यातून कळत नाही. तर्कात त्याला हरवता येत नाही. पण या उत्तराची किंमत मूल मोजतं, वेळेच्या रूपात. हिशेब मागच्या जन्माचा आहे असं ठरलं की तो फेडायचे मार्गही तिकडचेच सुचतात. नवस, अंगारे, कुठल्याशा देवळात घंटा बांधणं. कॉलोरॅडोत ख्रिस्तीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत निदान झालेली मुलं भाषेत, उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. नवसाला बंदी असायचं कारण नाही. तो बेराची तारीख चुकवून केला जातो, आक्षेप तेवढाच.

कानाला एवढं वरचं स्थान का मिळालं, हा यातला अधिक गंभीर प्रश्न. वेद गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात, असेच आले. भागवतातल्या नऊ भक्तींत पहिली श्रवण, आणि समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास तिलाच दिला. पौलाने रोमकरांना लिहिलं की विश्वास ऐकण्यातून येतो. त्याचाच आधार घेऊन संत ऑगस्टिन यांनी जन्मजात बहिरेपण हे श्रद्धेच्या आड येतं असं म्हणून टाकलं. ॲरिस्टॉटलच्या मते बुद्धीला सर्वांत जास्त हातभार लावतं ते श्रवणच. म्हणून जन्मांध माणूस जन्मबधिरापेक्षा शहाणा.

इथून कायद्यापर्यंतचं अंतर फार नव्हतं. मनुस्मृतीने जन्मतः आंधळ्या-बहिऱ्यांना आणि मुक्यांना वडिलार्जित वाट्यातून वगळलं. अन्नवस्त्र तेवढं द्यावं असं सांगितलं. जस्टिनियनच्या रोमन कायद्याने जन्मापासून बहिऱ्या-मुक्या माणसाला मृत्युपत्र करण्यास अपात्र ठरवलं. ज्यू धर्मशास्त्रात बहिरा, वेडा आणि अज्ञान बालक हे त्रिकूट एकत्रच येतं: तिघांवरही आज्ञांचं बंधन नाही, कारण तिघांनाही समज नाही असं गृहीत. मिताक्षरा पंथातल्या हिंदूंसाठी हे वारसाबंधन जायला १९२८ चा कायदा यावा लागला, आणि उरलंसुरलं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पुसलं.

वाईट वाटतं ते या माणसांच्या क्रूरपणाचं नव्हे. त्यांच्यातले बरेच जण क्रूर नव्हतेच. बौधायन गृह्यशेषसूत्रात तर मूक-बधिर मुलांच्या मुंजीचा वेगळा विधी दिला आहे. मंत्र मुलाऐवजी आचार्यांनीच म्हणायचे, बाकीच्या क्रिया मुकाट्याने करायच्या. कुणीतरी अशा मुलाच्या घरी जाऊन, अडचण बघून ही तोड काढली असणार. सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी झाली. मूल बोलत नाही म्हणजे त्याच्या डोक्यात काही चालत नाही, असं त्यांनी धरलं. खरं तर बहुतेक बहिऱ्या मुलांचा कंठ ठणठणीत असतो. ऐकलेलंच नाही तर उच्चारणार काय, एवढीच गोष्ट.

आणि कानाचा हा गौरव फारसा भाबडाही नव्हता. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतावी, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. म्हणजे ज्यांचे कान उत्तम होते अशा कोट्यवधींनाही याच परंपरेने बहिरं ठरवून टाकलं होतं. ‘कोण ऐकू शकतं’ हा शरीराचा प्रश्न इथे कधीच एकटा नव्हता; ‘कोणाला ऐकू द्यायचं’ हा त्याच्या पाठीशी कायम उभा होता.

या कोंडीतून निघायची वाट भारतीय तत्त्वज्ञानात होती आणि ती एका वैयाकरणाकडे होती. वाक्यपदीयकार भर्तृहरी म्हणतो की शब्दाशिवाय ज्ञान नाही. एवढंच ऐकलं तर तोही ॲरिस्टॉटलच्याच पंक्तीला बसलेला दिसतो. पण त्याचा शब्द म्हणजे आवाज नव्हे. आवाज, म्हणजे ध्वनी, हा फक्त प्रकट करणारा. प्रकट होतो तो स्फोट, अर्थाचं अखंड एकक, आणि त्याला स्वतःचा असा नाद नाही. भर्तृहरीने बहिऱ्या मुलांचा विचार करून हे मांडलं नाही, हे उघडच आहे. पण त्याचा सिद्धान्त मान्य केला तर पुढची पायरी टाळता येत नाही. प्रकट करण्याचं काम ध्वनी करत असेल, तर ते हाताने का करू नये?

हात ते करत होतेच. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ संवादात सॉक्रेटिस सहज म्हणून जातो की आपल्याला वाचा नसती तर आपणही बहिऱ्यांसारखे हातांनी बोललो असतो. आणि गंमत म्हणजे खुद्द ऑगस्टिन, ‘दे मॅजिस्त्रो’ या ग्रंथात, बहिरी माणसं खुणांनी एकमेकांशी कशी सविस्तर बोलतात याचा दाखला देतात. डोळ्यांनी पाहिलेलं आणि सिद्धान्तात मांडलेलं यांची गाठ त्यांनी घालून दिली नाही. ती घातली एका मौनव्रती मठाने. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या ओन्या इथले बेनेडिक्टाइन संन्यासी पेद्रो पोन्से दे लेऑन यांनी व्हेलास्को या सरदार घराण्याच्या बहिऱ्या मुलांना लिहा-वाचायला आणि बोलायलाही शिकवलं. त्यांच्या मठात मौनाच्या वेळी खुणांनी बोलायची रीत आधीपासून होती. वारसा टिकवायचा हिशेबही त्या घराण्याच्या मनात असावा, असं इतिहासकार मानतात. दोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूला दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना शिकवणारा पाद्री वारलेला होता आणि धर्मज्ञानावाचून त्या मरतील ही लेपेला चिंता. त्याने खुणांची भाषा शिकून त्यांना शिकवलं. त्यातून सर्वांना खुली अशी बहिऱ्यांची शाळा उभी राहिली.

१८८० साली मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने हे सगळं उलटवलं. शाळांतून खुणा हद्दपार, फक्त ओठवाचन आणि उच्चार. दीडशेहून अधिक प्रतिनिधींत बहिरा माणूस जेमतेम एक. याच दशकात मुंबईचे कॅथलिक धर्मप्रमुख लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने भारतातली कर्णबधिरांची पहिली मानली जाणारी शाळा निघाली. तिथेही मौखिक पद्धतीचाच वारा होता. ‘हात खाली’ हा हुकूम पुढे कितीतरी पिढ्यांनी ऐकला, म्हणजे अर्थातच पाहिला. खुणांची भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवलं. निकाराग्वात त्याचा जिवंत पुरावाच मिळाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मानाग्वाच्या शाळांत प्रथमच एकत्र आलेल्या बहिऱ्या मुलांनी, शिक्षक ओठवाचन शिकवत असताना, आपसात स्वतःची भाषा घडवली. मिलानच्या ठरावाबद्दल त्या परिषदेच्या वारसांनी २०१० मध्ये व्हँकुव्हरला खेद व्यक्त केला.

दरम्यान कानाचं विज्ञान थांबलेलं नव्हतं. आज ‘ऐकू येत नाही’ या एका वाक्याखाली अनेक वेगळ्या गोष्टी येतात. पडद्यामागे पाणी साचून कमी ऐकू येत असेल तर औषधाने किंवा पडद्यात छोटी नळी बसवून काम होतं. आतल्या कानातला दोष मध्यम असेल तर श्रवणयंत्र, घरात जिला ‘मशीन’ म्हणतात ती. दोष तीव्र असेल तर आवाज कितीही वाढवून उपयोग नाही, कारण तो झेलणाऱ्या केशपेशीच नाहीत. शंखाच्या आकाराच्या कोकलियात त्या सुमारे पंधरा हजार असतात, हार्मोनिअमच्या पट्ट्यांसारख्या सुरांच्या क्रमाने लावलेल्या. आणि माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कॉक्लिअर इम्प्लांट त्यांना वगळून थेट श्रवणनाडीला विजेचे ठोके देतं. मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचं आपलं पहिलं यंत्र १९७८ मध्ये बसवलं. त्यांचे वडील कमी ऐकू येणारे औषधविक्रेते होते. इलेक्ट्रोडची तार शंखाच्या वळणात कशी सरकवायची हे त्यांना समुद्रकिनाऱ्यावर सापडलेल्या शंखात गवताची काडी घालून बघताना सुचलं.

पंधरा हजार पेशींचं काम बारा ते बावीस इलेक्ट्रोडांवर. सुरुवातीला जे पोचतं ते ओबडधोबड असतं आणि मेंदूला त्यातून भाषा काढायला शिकावं लागतं. म्हणून शस्त्रक्रिया हा या उपचाराचा सर्वांत लहान भाग. खरं काम पुढे काही वर्षं चालतं: मॅपिंग (म्हणजे यंत्र त्या मुलाला जुळवून घेणं), स्पीच थेरपी, आणि घरी आईने भाकरी थापताना ‘पीठ’, ‘तवा’, ‘गरम’ हे शंभरदा म्हणणं. मेंदूचा श्रवणाचा भाग साधारण साडेतीन वर्षांपर्यंत सर्वांत लवचीक असतो. सातच्या पुढे तो बराचसा दुसऱ्या कामाला लागलेला असतो, असं अनू शर्मा यांच्या संशोधनातून दिसलं आहे. केंद्राच्या एडिप योजनेत काही लाखांचं हे यंत्र गरीब घरांतल्या लहान मुलांना मोफत मिळतं, आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्या कामाच्या केंद्रस्थानी आहे. पुढची बॅटरी, तुटलेली वायर, तालुक्याहून शहरातल्या थेरपीला जायचा एसटीचा खर्च हे बहुतेकदा घरच्यांवर येतं. ऑपरेशनचा फोटो वर्तमानपत्रात येतो, थेरपी सुटल्याचा येत नाही.

अमेरिकेत १९९० मध्ये मुलांसाठी इम्प्लांटला परवानगी मिळाली तेव्हा तिथल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने जाहीर निषेध केला. मूल आजारी नाही. ते एका भाषेत, एका समाजात जन्मलं आहे. त्याच्या संमतीवाचून त्याची कवटी का कोरता? २००० साली संघटनेची भूमिका मवाळ झाली, पण प्रश्न हास्यास्पद नव्हता. बहुतेक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, आणि आईबापांना आपलं मूल आपल्यासारखं हवं असतं. दुसऱ्या बाजूला, मूल अठरा वर्षांचं होऊन संमती देईपर्यंत थांबलं तर विचारायला काही उरत नाही. न ठरवणं हाही इथे निर्णयच, आणि तो मागे घेता येत नाही.

वैद्यक आणि तत्त्वज्ञान दोघांचीही साक्ष काढली तर एक गोष्ट बरीच पक्की उभी राहते. मुलाला तातडीने हवी असते ती भाषा. आवाज हा तिथे जायचा एक चांगला रस्ता, एकमेव नव्हे. म्हणून ‘इम्प्लांट केलंय ना, मग आता खुणा बंद, नाहीतर बोलायचा आळस लागेल’ हा अनेक घरांना मिळणारा सल्ला तपासून घ्यावा असा आहे. यंत्राचा बाहेरचा भाग झोपताना काढून ठेवतात, बॅटरी भर वर्गात संपते, आणि काही मुलांना त्याचा फारसा लाभ होतही नाही. त्या वेळी हातात दुसरी भाषा असली तर मूल रिकामं राहत नाही. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन संस्था झाली. तिच्या कोशात आता दहा हजारांहून अधिक नोंदी आहेत. हे सगळं अगदी अलीकडचं. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर होती.

हा पेच पुढे आणखी कठीण होईल. ओटोफर्लिन नावाच्या एका जनुकाच्या दोषामुळे बहिऱ्या असलेल्या सहा मुलांवर शांघायमध्ये जनुकोपचार झाला आणि त्यातली पाच ऐकू लागली, हे २०२४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आलं. एकूण जन्मजात बहिरेपणात हा दोष थोड्यांनाच असतो. कनेक्सिनवर अजून असा इलाज नाही.

धर्मसंस्थाही हलल्या आहेत, आणि त्या भाषेच्याच मुद्द्यावर हलल्या. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह ज्यूंच्या धर्मनिर्णय समितीने २०११ मध्ये ठरवलं की खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या बहिऱ्याला असमंजस मानता येणार नाही, आणि तोरा खुणांनीही वाचता येईल. केरळमध्ये त्रिशूरला २०२४ मध्ये एका कर्णबधिर तरुणाला कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

मंत्र खुणांनी म्हणता येतो का, हे मात्र हिंदू घरात अजून कुणी स्पष्ट सांगितलेलं नाही. मंत्राचं सामर्थ्य त्याच्या नादात मानलेलं, अर्थामध्ये नव्हे, त्यामुळे इथे भर्तृहरीही फार पुढे नेत नाही. तरी एक आधार आहे आणि तो अनपेक्षित जागी आहे. वाटणीतून बहिऱ्याला उठवणाऱ्या त्याच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जपाची प्रतवारी केली आहे. विधियज्ञापेक्षा उच्चारून केलेला जप दहापट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केलेला शंभरपट, आणि मनातल्या मनात केलेला हजारपट. खुणांत वाढलेल्या माणसाच्या मेंदूत ती भाषा डाव्या बाजूच्या त्याच भागांत चालते जिथे ऐकणाऱ्यांची बोली चालते, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. तेव्हा मनातल्या मनात जप करायला तो पुरेपूर समर्थ. पण जपाच्या वेळी त्याची बोटं हलली, तर तो जप मानस धरायचा की वाचिक? याचा निर्णय देणारं पीठ या परंपरेत नाही. तो मांडवात बसलेल्या भटजींनाच, एकेका मुंजीला, आपापल्या अकलेने करावा लागतो.